सतरंजी आणि खुर्ची

मे महिना लागला की आमच्या भागातल्या विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर एक कागद चिकटतो. ‘प्री-प्रायमरीसाठी शिक्षिका पाहिजेत. फक्त महिला. इंग्रजी संभाषण आवश्यक. अनुभवाची गरज नाही.’ शेवटच्या वाक्याशी मी दरवर्षी अडते. त्याच खांबावर पोळ्या करणाऱ्या बाई पाहिजेत अशीही चिठ्ठी असते, आणि तिथे मात्र अनुभव लागतो. पोळी बिघडली तर त्याच जेवणात कळतं. तीन वर्षांच्या पोराचं काय बिघडलं ते कळायला दहा-बारा वर्षं जातात, आणि तोवर त्या शाळेचं नावही बदललेलं असतं.

ओळखीतल्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं, ‘‘काकू, मला लहान मुलांतच काम करायचंय. पण ह्यात पुढे काय असतं?’’ बारावी झालेली, पोरं अंगाखांद्यावर खेळवणारी मुलगी. प्रश्न तिच्या वडिलांचा होता हे उघड होतं, पण म्हणून तो चुकीचा ठरत नाही. बँकेत लागलेल्याला पुढे काय ते ठाऊक असतं. बालवाडीत लागलेल्या मुलीला दहा वर्षांनी कोण म्हणून ओळखायचं?

मला आधी आठवली ती उलट्या दिशेने चाललेली माणसं. गिजुभाई बधेका वकील होते. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 साली तिथे बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. त्या काळात भारतीय बाईला असं पद मिळणं म्हणजे केवढी गोष्ट! ते पद सोडून त्या 1923 साली गिजुभाईंकडे गेल्या, म्हणजे प्राचार्यांच्या खुर्चीतून उठून सतरंजीवर बसल्या. मग 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढे दादरचं शिशुविहार आलं, आणि 1945 साली ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघांचं तेच. बालवयात लग्न, पाठोपाठ वैधव्य, पुण्यात हुजूरपागेत नोकरी, रात्रशाळेतून मॅट्रिक. असं कष्टाने मिळवलेलं स्थैर्य सोडून कोणी समुद्रकाठच्या खेड्यात पोरांची नखं कापायला जातं का? अनुताई गेल्या.

बोर्डीत काय झालं ते सगळ्यांना अर्धवट माहीत असतं. बालवाडी काढली, पण वस्तीतली मुलं येईनात. पाठवणार तरी कोण? आया कामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन. तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. आधी आंघोळी, केस विंचरणं, नाकं पुसणं, मग गाणी आणि गोष्टी. माँटेसरीबाईंची साधनं महाग आणि परक्या घडणीची. त्याऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं. पुढे 1957 मध्ये बोर्डीचं हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि तिथे गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं जिथे असतील तिथे शिक्षकाने जायचं, एवढंच सूत्र. मजा म्हणजे खुद्द माँटेसरीबाई मद्रासच्या अड्यारला आल्या 1939 मध्ये. तोवर गिजुभाई-ताराबाईंनी त्यांची पद्धत आपल्या मातीत पंधरा-एक वर्षं वापरून, वाकवून पाहिलेली होती. आज ‘इंटरनॅशनल’ माँटेसरीची पाटी लावणाऱ्यांच्या कार्यालयात मला ह्यांच्यापैकी कोणाचा फोटो अजून दिसलेला नाही. गणपती असतो, संचालकांचे वडील असतात.

आणि ‘फक्त महिला’ लिहिणाऱ्यांसाठी एक माहिती: गिजुभाईंना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत. आज ते मुलाखतीला आले असते तर वॉचमननेच परत पाठवलं असतं.

अंगणातली ती बालवाडी पुढे सरकारने मोठ्या प्रमाणावर उचलली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 प्रकल्पांवर एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आता एकट्या महाराष्ट्रात लाखावर अंगणवाड्या आहेत. बालशिक्षणात सगळ्यात जास्त माणसं कुठे काम करतात, तर इथेच. इथे शिडीही आहे. मदतनीस, सेविका, त्यावर मुख्य सेविका म्हणजे पर्यवेक्षिका, त्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. मदतनिसाची सेविका होते, मुख्य सेविकेच्या काही जागा अनुभवी सेविकांना मिळतात. त्याच्या वरचा रस्ता मात्र बराचसा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवरून जातो, आणि त्या परीक्षेत रडणाऱ्या मुलाला कसं उगी करायचं हे कोणी विचारत नाही.

ह्या शिडीची गंमत अशी की प्रत्येक पायरीवर मुलं कमी होत जातात आणि कागद वाढतात. मुख्य सेविका वीस-पंचवीस अंगणवाड्यांना भेटी देते, पण गोष्ट सांगत नाही. प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर मुलं तक्त्यातूनच येतात. खुद्द सेविकेचीही सुटका नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्या डोक्यावर. वजनं घ्या, उंच्या मोजा, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरा, निवडणूक आली की मतदारयाद्या आहेतच. सहावी सेवा, मुलांबरोबर बसण्याची, उरलेल्या वेळात. केंद्राने 2018 साली सेविकेचं मानधन 3000 वरून 4500 रुपये केलं, मदतनिसाचं 1500 वरून 2250. राज्य त्यात आपली भर घालतं. ती ‘मानसेवी’, म्हणून नोकरदार नाही. निदान उपदान (ग्रॅच्युइटी) तरी तिला लागू आहे, असं सांगायला सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल 2022 उजाडावा लागला. डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप पन्नास दिवसांपलीकडे चालला. तेवढ्या दिवसांत गावोगावच्या आयांना बहुधा पहिल्यांदा कळलं की सकाळचे ते चार तास कोण सांभाळत होतं.

संस्थांचं जग वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त आवडतं, त्यातल्या ओढाताणीसकट. मीरा महादेवन यांना 1969 मध्ये दिल्लीत बांधकामावर मजुरांची तान्ही मुलं खड्ड्यांत-विटांत पडलेली दिसली, आणि मोबाइल क्रेशेस हे फिरतं पाळणाघर सुरू झालं. काही वर्षांत ते मुंबईतही आलं. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या बांधकामावर. मुंबईत नव्वदीच्या दशकात ‘प्रथम’ संस्थेने वस्त्यांतून बालवाड्या काढल्या, त्या वस्तीतल्याच मुलींनी चालवल्या, कधी कोणाच्या घरात, कधी देवळाच्या ओसरीवर. कितीतरी मुलींची ती पहिली कमाई. कोसबाडचा धागा तर तुटलाच नाही: अनुताई आणि रमेश पानसे यांचं ग्राममंगल 1982 चं, आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट 2007 पासून. फलटणला अमेरिकेतून आलेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं, पुण्यात शोभा भागवतांनी गरवारे बालभवन वाढवलं. ह्या ठिकाणी पगार फार नसतो. पण तिथे बालवाडीच्या बाईला ‘मुलाने माणूस काढताना डोक्यालाच हातपाय का लावले?’ असा प्रश्न पडू शकतो, आणि त्यावर दोन तास बोलणारं कोणीतरी भेटतं. माझ्या मते धंदा शिकणं म्हणतात ते हेच. एक मूल आईसाठी रडतंय आणि दुसरं भुकेने, हे आवाजावरून ओळखणारी बाई मी पाहिली आहे. त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

प्रमाणपत्रं बाकी पुष्कळ. एक वर्षाचे खाजगी माँटेसरी कोर्स गल्लोगल्ली आहेत. एसएनडीटीत मानव विकास शिकता येतो, दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात बालशिक्षणात एम.ए. होतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षं मिळून पायाभूत टप्पा केला, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एका दोरीत बांधली. त्याच धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि तिच्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका सुचवली आहे. तीही नोकरी सांभाळून, बरीचशी टीव्ही-मोबाइलवरून. मातीच्या गोळ्याचं शिक्षण पडद्यावरून! असो. पहिलीची बाई आणि अंगणवाडीची बाई एकाच टप्प्यात आल्या, तरी पगाराच्या कागदावर त्या शेजारी बसलेल्या नाहीत. बसवायच्या झाल्या तर पैसे लागतात, म्हणून आधी कोर्स निघतो.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? पगार पहिल्याच भेटीत विचार, सेवाभाव वगैरे ऐकून लाजू नकोस. नेमणुकीचा कागद माग. सकाळी न सांगता जा आणि तासभर कोपऱ्यात बस. मुलं बोलताहेत की फक्त बाईच, तेवढं बघ. आणि निघताना विचार, तुमच्याकडे वीस वर्षं झालेल्या बाई आता काय करतात? त्या ऑफिसात असल्या तर ठीक, पुष्कळ ठिकाणी तसंच असतं. त्या अजून मुलांत बसत असतील, नव्या मुलींना तिथेच शेजारी बसवून शिकवत असतील आणि तरीही त्यांचा पगार वाढत गेला असेल, तर तिथे काम मिळतंय का पाहा. संचालक उत्तर द्यायला घुटमळले तर उठून ये. पालघर जिल्ह्यात आणि पुण्यात विचारण्याजोग्या जागा अजून आहेत, आणि मे महिना संपायला वेळ आहे.