एक लिव्हर, दोन अर्थ

श्लेष शिकवताना आम्ही नेहमीची उदाहरणे संपली की सायकलीकडे वळतो. विद्यार्थी हसतात. तथापि शर्यतीच्या सायकलीच्या वाकड्या हॅंडलवरील लिव्हर हे अभंग श्लेषाचे इतके चोख रूप आहे की तो मोह आवरत नाही. मुठीकडे ओढली की ब्रेक. तीच लिव्हर आतल्या बाजूस ढकलली की गिअर. शब्द न तोडता दोन अर्थ, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते केवळ दिशेवरून ठरते.

पूर्वी ही दोन कामे दूरदूर होती. ब्रेक हॅंडलवर, तर गिअरच्या छोट्या दांड्या सांगाड्याच्या तिरप्या नळीवर, गुडघ्यांच्या पुढे. गिअर बदलायचा तर एक हात सोडून खाली वाकावे लागे. त्या दांडीला खाचा नव्हत्या. ती थोडी थोडी सरकवत, चेनची किरकिर थांबेपर्यंत कानाने जागा शोधावी लागे. शिवाय खाली गेलेला हात शेजारच्या स्पर्धकालाही दिसे आणि आपला मनसुबा उघड होई. १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने ड्युरा-एस संचात खाचा आणल्या. सारंगीच्या जागी हार्मोनियम आली म्हणा ना! सूर हुकण्याची भीती गेली. सूर शोधण्याचे कामही गेले. १९९० मध्ये त्याच कंपनीने खटका ब्रेकच्या लिव्हरीत नेऊन बसवला आणि हात हॅंडलवरून हलण्याचे कारण उरले नाही.

आतली रचना मुळात साधी आहे. मागच्या डिरेलरमधील स्प्रिंग चेनला सदैव लहान चक्राकडे खेचत असते. तार तिला मोठ्या चक्राकडे ओढून धरते. लिव्हर ढकलली की आतले दातेरी चाक एक घर फिरते, तार काही मिलिमीटर गुंडाळली जाते आणि एक खिटी दात्यात अडकून ती तशीच धरून ठेवते. लिव्हरीमागची दुसरी, लहान पट्टी दाबली की खिटी क्षणभर उचलली जाते व तार एक घर सुटते. म्हणजे एका दिशेला बोटाचे बळ आणि दुसऱ्या दिशेला स्प्रिंगचे. ब्रेकची तार या साऱ्याच्या शेजारून वेगळी जाते. म्हणूनच ब्रेक दाबत असतानाही गिअर बदलता येतो.

इटलीच्या कॅम्पाग्नोलोला हा श्लेष मानवला नाही. १९९२ च्या त्यांच्या रचनेत ब्रेकची लिव्हर फक्त ब्रेक लावते. तार ओढायला मागची पट्टी, सोडायला अंगठ्याजवळचे बटण. निखळ अभिधा. २००६ मध्ये अमेरिकेच्या स्रॅमने एकच पट्टी ठेवून अर्थ मात्रेवर सोपवला. ऱ्हस्व ढकलले तर तार सुटते, दीर्घ ढकलले तर ओढली जाते. 'दिन' आणि 'दीन' यांची गल्लत करणाऱ्यांनी या सायकलीवरून चढ चढून पाहावा.

आमची सायकल जुनी आहे; घराण्याचे नाव येथे गौण. एका हिवाळ्यात तिचा उजवा खटका पोकळ जाऊ लागला. ढकलावे, पण आत काहीच धरेना. दुकानदार म्हणाले, "सर, पूर्ण लिव्हरच बदला, आतलं काही दुरुस्त होत नाही." सुटे भाग मिळत नाहीत, या अर्थी ते खरेच होते. पण आत मोडले काहीच नव्हते. वर्षानुवर्षांच्या वंगणाचा गोंद झाला होता आणि खिटी दात्यापर्यंत पोचतच नव्हती. वंगण विरघळवणारा फवारा सोडून दोन दिवस खटका दाबत राहिलो, तेव्हा कुठे पहिला 'टक्' ऐकू आला. नळीवरच्या उघड्या दांडीच्या बाबतीत एवढा शोध घ्यावाच लागला नसता. सोय आत गेली की तिच्याबरोबर आपले ज्ञानही पेटीबंद होते, हे आम्हांस खटकते.

२००९ मध्ये शिमानोने मोटारीवर चालणारा संच आणला. २०२१ च्या ड्युरा-एसमध्ये तारेचा पर्यायच ठेवला नाही. स्रॅमच्या २०१५ च्या बिनतारी रचनेत उजवे बटण एका दिशेला, डावे दुसऱ्या दिशेला आणि दोन्ही एकदम दाबली की पुढचे चक्र बदलते. जोडाक्षरच ते, आणि कल्पना सुंदर आहे यात वाद नाही. फक्त बटणाचा स्पर्श रोज सारखाच असतो. तार मात्र झिजू लागली की बोटाला आधी कळवते. आमचा खटका या आठवड्यात तिसऱ्या चक्रावर जाताना किंचित जड लागतो आहे. मुठीच्या आत एखाददुसरा धागा तुटला असावा.