दिव्याखालचा उजेड

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण वर्गात समजावून सांगताना मला कधी अडचण पडत नसे. आता पडते. कारण दिवा पोटाखालीच बाळगणारा एक मासा मला भेटला आहे. भेटला तो अर्थात पुस्तकात. समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या मोरीपलीकडे गेलेला नाही.

हा मासा त्या मोरीचाच, म्हणजे शार्कचाच, दूरचा भाऊबंद. इंग्रजीत त्याला लँटर्न शार्क म्हणतात; आपण दिवाळीपुरते कंदील-मुशी म्हणू. तिची एक जात ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात राहते. १७५८ साली लिनियसने तिला नाव दिले, ते पाठीवरच्या काट्यांवरून. लांबी जेमतेम हातभर. पोट काळेभोर, आणि उजेड येतो तो नेमका त्या काळ्या पोटातून!

कशासाठी? तर कुणाला दिसू नये म्हणून. दोन-तीनशे मीटर खोलीवरही वरून निळसर, पुसट उजेड झिरपत असतो. खालून वर पाहणाऱ्या शत्रूला त्या उजेडावर माशाची काळी आकृती तेवढी उठून दिसायची. मुशी पोटावरचे हजारो सूक्ष्म दिवे वरच्या उजेडाइतकेच तेवत ठेवते आणि ती आकृती पुसून टाकते. उजेड जास्त झाला तरी घात, कमी पडला तरी घात. आपल्या शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलॅटोनिन तिच्या अंगात दिवा लावते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. ‘काय दिवे लावलेस!’ असे तिला कोणी कुत्सितपणे म्हणू शकणार नाही.

मी सातवीत असताना वडिलांची नोकरी सुटली. त्या दिवाळीत घरात फराळाचा एकच डबा भरला. पण चाळीच्या गॅलरीत आमचा आकाशकंदील लागला, आणि तो शेजाऱ्यांच्या कंदिलांएवढाच होता; बोटभर मोठा नाही की लहान नाही. वडिलांनी तो घरीच कामट्यांचा केला होता. अंधारी गॅलरी चटकन डोळ्यांत भरते, आणि मग चौकशा सुरू होतात. आम्हां भावंडांना कोणी काही बजावले नव्हते. तरी घरातले बाहेर बोलायचे नाही, हे आम्हांला ठाऊक होते.

ह्या मुशीची पिल्ले आईच्या पोटात असतानाच उजळू लागतात.