हायड्रोजनचा हिरवा

हबल दुर्बिणीचं १९९५चं ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हे चित्र मला कित्येक वर्षं खटकत होतं. हायड्रोजनचा प्रकाश लाल, मग चित्रात तो हिरवा कसा? आमच्या आकाशदर्शन मंडळातल्या एका पोराने नॅरोबँडमध्ये, म्हणजे एकेका मूलद्रव्याचा प्रकाश वेगळा टिपून, केलेला फोटो दाखवला, तेव्हा चारचौघांत मी त्याला म्हणालो, ‘हा फोटो नाही, तू रंगवलेलं चित्र आहे.’ तो गप्प बसला. मी माझ्या डीएसएलआरच्या ‘खऱ्या’ रंगांवर खूश होतो. त्या कॅमेऱ्यातला फिल्टरच हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुण्यातल्या गच्चीवरून, दिव्यांच्या झगमगाटात, रोझेट तेजोमेघ काही केल्या येईना. शेवटी मोनोक्रोम कॅमेरा आणि तीन नॅरोबँड फिल्टर घेतले. पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम स्टॅक केल्यावर तीन करड्या प्रतिमा हाती आल्या: हायड्रोजन, सल्फर, ऑक्सिजन.

आधी हट्टाने खरे रंगच दिले. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरवर, सल्फर ६७१.६ आणि ६७३.१ वर, डोळ्याला दोन्ही गडद लालच. लेअरवर लेअर ठेवला आणि सल्फर दिसेनासा झाला. रात्री जागून जमवलेला प्रकाश त्या लालात विरघळून गेला. मग सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा असं बसवलं. तरंगलांबीचा क्रमही तोच राहतो. ऑक्सिजन फिका होता, त्याचा कर्व्ह बराच वर ओढावा लागला.

आणि रोझेट उलगडला. मधल्या पोकळीत, एनजीसी २२४४ या तारकागुच्छातल्या तप्त ताऱ्यांभोवती, निळा पसरलेला. तांबूस झाक बाहेरच्या कडांना. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडवायला लागणारा प्रखर अतिनील प्रकाश ताऱ्यांजवळच मिळतो. सल्फरचा एक इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेतही सुटतो, म्हणून तो दूर काठावर चमकतो. ही रचना माझ्या ‘खऱ्या’ रंगांनी झाकली होती. आता चित्राखाली कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला ते लिहितो. ब्रशने मात्र कुठेच हात लावत नाही. जिथे प्रकाश आलाच नाही तिथे रंग भरणं मला आजही मान्य नाही. सोनेरी छटेसाठी पुष्कळ जण हिरवा पार पुसून टाकतात. मी तो थोडाच उतरवतो, कारण तो हायड्रोजन आहे.

त्या पोराला फोन करून चूक कबूल केली, चित्रही पाठवलं. त्याने विचारलं, ‘काका, ऑक्सिजनला किती तास दिलेत?’

‘सहा.’

‘अजून द्या. आतल्या कडा सुटतील.’