दाराबाहेरचा अवधी

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 21 व्या आदेशातील 35 व्या नियमाने आम्हा बेलिफांना कुलूप काढण्याची आणि प्रसंगी दार फोडण्याचीही मुभा दिली आहे. मात्र तत्पूर्वी आतल्या मंडळींना वाजवी सूचना द्यावी आणि रूढीप्रमाणे लोकांसमोर न येणाऱ्या स्त्रीला निघून जाण्याची सवड द्यावी, असे तोच नियम सांगतो. ही सवड किती मिनिटांची, हे 1908 सालच्या त्या नियमात लिहिलेले नाही, आणि माझी सारी नोकरी त्या न लिहिलेल्या मिनिटांभोवती घुटमळत राहिली.

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण या पेठांतील वाड्यांत पडदानशीन स्त्री मला क्वचितच भेटली. परंतु मोरीत न्हाणारी सून, खाटेवरची बाळंतीण, स्टोव्हवर आधण ठेवून बसलेली आजी या सर्वांना मी मनोमन त्या सवलतीत बसवीत असे. याला कोणी करुणा म्हणेल, पण करुणा हा माझा प्रांत नव्हे. अडचण घरमालकाची मोठी की भाडेकरूची, हा तराजू 1947 च्या भाडे कायद्याने आणि 31 मार्च 2000 पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्याने न्यायाधीशाच्या हाती दिला आहे. उंबऱ्यावर तो पुन्हा लावण्याचा अखत्यार ताबा वॉरंटातील कोणत्याही ओळीत नसतो.

शिवाय त्या अवधीला बाजारभाव होता. प्रतिवादी दार लावून बसतो तेव्हा बहुधा त्याचे वकील वरच्या कोर्टात तहकुबीच्या अर्जावर उभे असतात. ताबापावतीवर दरखास्तदाराची सही होण्यापूर्वी तहकुबीचा कागद पोचला तर आम्ही आल्या पावली परत, आणि सहीनंतर पोचला तर त्यात फारसा अर्थ उरत नाही. साहजिकच माझे ताटकळणे एका पक्षाला महाग पडे आणि दुसऱ्याला ते विकत हवे असे. आमच्या खात्यातील एक गृहस्थ याहूनही सूक्ष्म कारागीर होते: कुणा मेहुण्याला वा पोटभाडेकरूला उंबऱ्यावर उभे करून हरकत नोंदवायची, वॉरंट अहवालासह परत करायचे, आणि 97 व्या नियमाखाली पुढचे भांडण खुशाल वर्षानुवर्षे चालू द्यायचे. त्यांचे अक्षर सुंदर होते, एवढे मान्य केले पाहिजे.

आता पोलीस बंदोबस्त असतो, वाडा पाडून इमारत उठवू पाहणाऱ्याची माणसे मोबाइलवर चित्रण करीत जिन्यात उभी असतात, आणि बरोबर आणलेला कुलूपवाला कुलूप उघडीत नाही, कापतो. पूर्वीच्या कुलूपवाल्यांना ह्याची शरम वाटली असती.

माझ्यापुरते सांगायचे तर दाराबाहेरची ती शांतता मला आवडे. सारा वाडा सज्जातून वाकून पाहत आहे, पंच घाम पुसत आहेत, हुकूमनामा मिळवणारा घरमालकसुद्धा माझ्या मानेच्या हालचालीकडे डोळे लावून आहे, असा तो काळ. हा बेलीफ पाहुण्यासारखा दार वाजवतो, असे कोणीसे म्हणाल्याचे कानी आल्यावर मी जिना अधिकच सावकाश चढू लागलो.

निवृत्ती जवळ आल्यावर एक तरुण बेलीफ माझ्या हाताखाली दिला गेला. त्याने सरळ विचारले, "अण्णा, किती मिनिटं थांबायचं?" मी घड्याळ कधीच पाहिले नव्हते, मी ऐकत असे. भांडी एकात एक घातल्याचा आवाज आला की दार उघडणार, ट्रंक फरशीवरून ओढली गेली की ती दाराला लागणार, आणि रेडिओ चालू असून माणसाची चाहूल नसेल तर कोणीतरी मागच्या बोळाने वकिलाकडे गेले आहे. हे सारे त्याला दोन वाक्यांत सांगता आले असते. "अनुभवानं कळेल," असे म्हणून मी पुढे चालू लागलो; कारण त्याच्या हातून एखादे दार विनाकारण फुटावे आणि त्या वाड्यात कोणीतरी माझे नाव काढावे, अशी माझी इच्छा होती, आणि ती अजून गेलेली नाही.