बेडवरचा हात

टायफॉइडने अंगातला जोर काढून घेतलाय. मागच्या खोलीतला लेथ चालवणं बंद, पुसणं तेवढं चालू. कोल्हापूरचा पावसाळा आहे. उघड्या लोखंडाला हात लागला की घामातल्या मिठाने बोटांचे ठसे तांबूस उमटतात. म्हणून लेथच्या बेडवर तेलाचा पातळ हात रोज फिरवायचा.

स्टीलची बर सरळ असते. लांब, वळणदार, ब्रशने ओढली की निघाली. बिडाची भुकटी मात्र काळी, ग्रॅफाइटने माखलेली. ती तेलात कालवली गेली की पॉलिशपेपरसारखी बेड खात बसते. हवा मारून लेथ साफ करणारे पाहिले की मला राहवत नाही. ती हवा भुकटी कॅरेजच्या वायपरखाली कोंबते. त्यापेक्षा जुन्या बनियनची चिंधी बरी, तीही चक थांबल्यावरच. चालत्या चकाजवळ चिंधी नेली की बाबा ओरडायचे.

चकाजवळ बेड झिजलाय. नखाला कळत नाही, पण कॅरेज तिथे सैल चालतं आणि टेलस्टॉककडे नेलं की जड होतं. ही बाबांची झीज. आयुष्यभर त्यांनी आखूड जॉब केले, सगळे चकाला लागून. चिंधी तिथे आली की रेंगाळते. ग्राइंडिंगला दिला तर बेड सपाट होईल, उद्यमनगरात करून मिळतं. द्यावा का? आजारपणात असले प्रश्न फार वेळ पुरतात.

खंडेनवमीला आई कुंकू घेऊन येते. मी म्हणतो, बेडवर नको, हेडस्टॉकवर लाव.

"पूजा कुठे करायची तेही आता तूच सांग," ती म्हणते, आणि बेडवरच बोट टेकवते.