रोग रेड्याला, औषध पखालीला

मराठीत एक जुनी म्हण आहे: रोग रेड्याला आणि औषध पखालीला. नळ यायच्या आधी रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल लादून घरोघर पाणी पोचवलं जायचं. पाठ दुखायची रेड्याची, आणि मलम लागायचं कातड्याच्या पिशवीला. मुक्या जनावराला काही सांगता येत नसे, म्हणून ते चालून जायचं. पखाल गेली, रेडाही गेला. म्हण मात्र अजून लागू पडते.

पखालीहून लहान ती मशक. बकरीच्या कातड्याची, माणसाच्या खांद्यावर मावणारी. ती वाहणारा भिश्ती. हा शब्द ‘बहिश्त’वरून आला. बहिश्त म्हणजे जन्नत. तहानलेल्याला पाणी पाजणारा तो जन्नतचा माणूस, असा त्यामागचा भाव. नाव एवढं मोठं दिलं, पण भरलेल्या मशकेचा पट्टा त्याच्या खांद्यात रुततच राहिला. पाणी वाहणाऱ्याचा मान आणि त्याचा खांदा या दोन गोष्टी आपण कायम वेगळ्या खात्यांत लिहीत आलो.

हे सगळं सुचायला निमित्त झालं माझ्या भाच्याची गाडी. तो चादरीच्या कारखान्यात जॉबर होता. माग कमी झाले, काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. मग त्यानं दुकानांच्या काचा धुण्याचा धंदा करायचं ठरवलं आणि एक जुना छोटा हत्ती घेतला. व्याजाचं कर्ज घरात कुणालाच नको होतं. त्याची भिशी लागली होती, थोडे पैसे दुल्हेभाईंनी घातले, थोडे मी कर्ज-ए-हसना म्हणून दिले. त्यामुळे रक्कम मोजकीच होती, आणि गाडीत काय बसवायचं याचा प्रत्येक रुपया घरात बोलला गेला.

गिऱ्हाईक मुख्यतः नवी पेठेतलं. सोलापुरात कापड घ्यायचं, दागिना बघायचा, मोबाइल बदलायचा तर पावलं तिकडेच वळतात. पूर्वी लाकडी फळ्या लावून बंद होणारी दुकानं होती. आता दर्शनी भाग काचेचा, कुठे कुठे दोन-तीन मजले काचच. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे. ईद किंवा दिवाळीच्या आधी शिडी लावून, बादली टांगून, फडक्यानं ही काच पुसली जाते. शिडी निसटली तर काय होतं हेही सगळ्यांना माहीत असतं.

भाच्यानं निवडलेली पद्धत वेगळी आहे. गाडीत पाण्याची टाकी, पंप आणि लांब पाइप. पाइपचं दुसरं टोक उंच काठीतून वरच्या ब्रशपर्यंत जातं. माणूस जमिनीवरच उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच घासतो आणि धुतो. पुसायची गरज नाही, कारण पाणी क्षार काढलेलं असतं. आपल्या बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उरतात. ते ठिपके म्हणजे पाण्यातले क्षार. क्षारच नसतील तर काच वाळल्यावर मागे काही उरत नाही. म्हणून आधी आरओ आणि नंतर रेझिनमधून पाणी काढतात आणि टीडीएस मीटरवर शून्य बघूनच टाकीत भरतात.

टाकी, पंप, पाइप घेऊन झाल्यावर जेमतेम एका गोष्टीपुरते पैसे उरले. गाडीला नवा रंग, बाजूंवर मोठ्या अक्षरांत नाव आणि दिवे; किंवा पाइप गुंडाळायच्या रिळाला विजेची मोटर. मित्रांचं मत रंगाला. एकजण माझ्यासमोरच म्हणाला, “रीळ हातानं फिरतंय की! एक पोऱ्या ठेव. मोटरच्या पैशात पोऱ्या चार महिने राबंल.”

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. “मामू, तुम्ही काय म्हणता?”

मी कागद-पेन मागितलं.

पाइप १०० मीटर, आतलं तोंड ८ मिलिमीटर. एवढ्या पाइपात साधारण ५ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाइपच्या स्वतःच्या वजनावर आणखी ५ किलो. सकाळी दहा दुकानं धरली आणि प्रत्येकाला पन्नास मीटर पाइप लागला, तर अर्धा किलोमीटर भरलेला पाइप परत गुंडाळायचा. रिळाच्या एका फेऱ्यात मीटरभर पाइप येतो असं धरलं तर पाचशे फेरे. ओला, जमिनीवर घासत येणारा, पायरीला अडकणारा पाइप, आणि एकच खांदा. हे एका सकाळचं. महिन्याचा गुणाकार मी केला नाही. भाच्यानंच केला आणि गप्प बसला.

पोऱ्या स्वस्त पडतो हे खरं आहे. तो स्वस्त आहे म्हणूनच आपल्याकडे यंत्र ही चैन वाटते. खांदा दुखायला लागला की पोऱ्या निघून जातो, दुसरा येतो. दुखण्याचा खर्च त्याच्या अम्मीच्या घरात पडतो. आपल्या वहीत येत नाही. मजुराला घाम सुकायच्या आत मजुरी द्या, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. हदीसमध्ये आणखी एक गोष्ट येते, तिची आठवण कमी काढली जाते: हाताखालच्यांवर झेपणार नाही असं काम लादू नका, आणि लादलंत तर त्यांना स्वतः मदत करा. मजुरी वेळेवर दिली की जबाबदारी संपली असं त्यात म्हटलेलं नाही. दर वेळी मालक स्वतः हात लावू शकत नसेल तर मदत मोटरच्या रूपानं येऊ दे.

आणि मोटर आल्यानं पोऱ्याचं काम जात नाही. नवी पेठेत एका माणसानं काठी धरली की दुसरा पाइपापाशी लागतोच. दुचाकीवाला येतो, म्हातारं माणूस येतं, हातगाडी येते. त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. जाते ती फक्त पाचशे फेऱ्यांची हमाली. रस्त्यावर आडवा पडलेला पाइप मिनिटभरात गाडीत जातो, हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचाही फायदा.

मोटर ठरली. ती बसवताना जॉबरकी कामाला आली. मागावर कांडी सैल भरली की सूत तुटतं, एकीकडे जास्त भरली की अडकतं, हे आमच्या शहराला शिकवावं लागत नाही. १८७७ साली इथे पहिली गिरणी निघाली तेव्हापासून सोलापूर काहीतरी गुंडाळतंच आहे. रिळावर पाइपही असाच थरावर थर, सारखा बसावा लागतो. म्हणून मोटर चालू असताना एका हातात फडकं घेऊन पाइपला डावी-उजवी वाट द्यायची. चालू-बंद करायचं बटण पायाखालचं घेतलं: पाय दाबलेला असेल तोवरच रीळ फिरतं, पाय उचलला की थांबतं. बोट किंवा बाही अडकली तर हेच बटण वाचवतं. ओढताना रीळ मोकळं फिरावं म्हणून क्लच आहे, आणि गाडी चालताना पाइप उलगडू नये म्हणून खीळ.

मोटर १२ व्होल्टची आहे, पण जोर लावताना पंपाच्या कितीतरी पट करंट ओढते. तार बारीक असली की तापते. म्हणून जाड तार, आणि फ्यूज बॅटरीला लागूनच. बॅटरी वेगळी. गाडीच्या बॅटरीवर हे सगळं चालवलं तर दुपारी गाडी ढकलावी लागेल. इंजिन चालू असताना रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद झालं की तोडतो.

वजनाचा विचार त्याहून महत्त्वाचा. छोटा हत्ती मॉडेलप्रमाणे साधारण ७०० ते ७५० किलो माल झेपवतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भाच्याला ५०० लिटरची टाकी हवी होती. लोखंडी चौकट, बॅटरी, रीळ, आरओ आणि माणसं मिळवली तर काटा पार टोकाला जात होता. ४०० लिटरवर थांबलो. मिनिटाला दोन लिटर धरले तर तीन तासांहून जास्त ब्रश चालतो. टाकी केबिनला टेकून, आत आडव्या पट्ट्या घातलेली, आणि दोरीनं न बांधता बोल्टनं चासीला आवळलेली. अचानक ब्रेक दाबला की चारशे किलो पाणी पुढे धावतं, आणि पुढे माणसं बसलेली असतात.

हे पाणी भीमेवरच्या उजनीतून १०० किलोमीटरहून लांबचा प्रवास करून सोलापुरात येतं, आणि तरी बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी नसतं. अशा गावात काचा धुवायला टाकी भरायची तर जाब द्यावाच लागतो. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, असं आपल्याला शिकवलेलं आहे. म्हणून टाकी बोअरवर भरते, आणि आरओ जे खारं पाणी बाहेर टाकतो ते पिंपात साठवून फरशी आणि संडासासाठी वापरलं जातं. ब्रश थांबला की पंप बंद, हा गाडीचा पहिला नियम.

दुसरा नियम वरच्या तारांचा. उंच काठ्या बहुधा कार्बन फायबरच्या असतात, आणि कार्बन फायबरमधून वीज वाहते. काचतंतूची काठीसुद्धा ओली झाली की भरवशाची नाही. जिथे भिंतीजवळून विजेची तार गेली आहे तिथलं काम घ्यायचं नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी. शिडी टाळून वाचवलेला जीव तारेला द्यायचा नाही.

आता फजरनंतर गाडी निघते आणि बाजार उघडायच्या आत बरंचसं काम उरकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात तसंही उन्हाची काच धुता येत नाही, साबण घासायच्या आत सुकतो. हाताखाली एक मुलगा आहे, तो पाय दाबून पाइप आत घेतो आणि फडक्यानं थर लावतो. गाडीचा रंग जुनाच आहे, बाजूला नाव नाही. एका दुकानदारानं त्यावरून टोकलंही. भाचा म्हणाला, पुढच्या भिशीला बघू.

कुणी अशी गाडी बांधायला घेणार असेल तर सामानाच्या यादीआधी दुसरी एक यादी करावी: दिवसभरात कोण किती वेळा वाकणार, काय उचलणार, काय ओढणार. पैसे आधी त्या यादीवर खर्च करावेत. रंग नंतरही देता येतो.