निळीचा माठ

माठातून वर आलेलं कापड निळं नसतं, पिवळट हिरवं असतं. निळं ते होतं बाहेर, हवेत, आपल्या डोळ्यांदेखत. शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते, इथे घाई करू नका, नीट बघा. निळीचे इलेक्ट्रॉन आत्ता हलताहेत.

नीळ पाण्यात विरघळत नाही. चुन्याच्या पाण्यात गूळ आंबू लागला की निळीच्या प्रत्येक रेणूला दोन इलेक्ट्रॉन मिळतात, मग ती विरघळते आणि सुतात शिरते. या रेणूच्या दोन सारख्या अर्धांना मधोमध एक दुहेरी बंध जोडतो. इलेक्ट्रॉन मिळाले की तो एकेरी होतो, आणि रेणूभर फिरणारे इलेक्ट्रॉन आपापल्या अर्धात अडकतात. त्यांच्या ऊर्जेच्या दोन पातळ्यांमधली पायरी उंच होते. आधी ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश ती चढायला पुरत होता. तो शोषला गेला की उरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. आता जांभळा आणि अतिनील प्रकाश लागतो, म्हणून माठात पिवळं. हवेतला ऑक्सिजन ते दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो, पायरी पुन्हा खाली येते आणि न विरघळणारी नीळ सुतातच अडकून बसते. म्हणूनच माठ कधी घुसळायचा नाही. कापड आधी भिजवून, पिळून, अलगद आत सोडायचं. हवेचा बुडबुडासुद्धा नको.

कोरडी नीळ तापवली तर तिची वाफ लालसर जांभळी दिसते. वाफेत रेणू सुटे असतात. आपल्या ओळखीचा निळा हा शेजारच्या रेणूंशी जुळलेल्या हायड्रोजन बंधांमुळे उमटतो, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

नीळ टिकण्याचं कारणही तिच्या इलेक्ट्रॉनांतच आहे. प्रकाशाने वर गेलेला इलेक्ट्रॉन निळीत फार काळ वर राहत नाही. नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनकडे सरकतो आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. रेणू शाबूत राहतो. पेरूमधल्या हुआका प्रिएता इथे निळीने रंगवलेलं सुमारे ६००० वर्षांपूर्वीचं सुती कापड मिळालं आहे. हळदीचं तसं नाही. तिचा रेणू उजेडात हळूहळू तुटत जातो. हळदीत रंगवलेली ओढणी मी सावलीत वाळवते, आणि घेणारीला आधीच सांगते की हा पिवळा उन्हात उडणार.